बोट उचललं की थांबायला हवं

कॉर्डलेस ड्रिलचा ट्रिगर दाबला की बिट धरणारं चक फिरतं. हाताला या दोन गोष्टी एकाच क्षणी घडल्यासारख्या वाटतात, आणि तशाच वाटल्या पाहिजेत. पण मधल्या तीस-चाळीस मिलिसेकंदांत आत बरीच धावपळ होऊन गेलेली असते.

ट्रिगर पहिला एखादा मिलिमीटर सरकतो तेव्हा एक बारीक संपर्क जुळतो आणि गाढ झोपलेल्या मायक्रोकंट्रोलरच्या, म्हणजे हत्यार चालवणाऱ्या चिपच्या, एका पिनवर कडा (सिग्नलमधला अचानक बदल) येते. तो जागा होतो आणि सर्वात आधी सहाही मॉसफेट (मोटरला वीज देणारे इलेक्ट्रॉनिक स्विच) बंद असल्याची खात्री करतो. मग हॉल सेन्सर (मोटरचा फिरता भाग, रोटर, कुठे आहे ते सांगणारे), गेट ड्रायव्हर (मॉसफेट चालवणारा) आणि करंट अ‍ॅम्प्लिफायर यांचा पुरवठा चालू करतो. तो स्थिरावायला तीन ते पाच मिलिसेकंद द्यावे लागतात. मोटर अजून बंद आहे, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर आता जे काही दाखवेल ते शून्य अँपिअरच असणार. त्याची ६४ मापं घेऊन सरासरी काढायची आणि ती आजचं शून्य म्हणून जपून ठेवायची, कारण हे शून्य तापमानाबरोबर सरकतं, कालचं आज चालत नाही. पुढे बॅटरी पॅकचं व्होल्टेज, थर्मिस्टर (तापमान मोजणारा घटक), दिशेचा खटका, तिन्ही हॉल सेन्सरची अवस्था, ट्रिगर नेमका किती दाबलाय हे सगळं बघायचं. वरच्या मॉसफेटांचे बूटस्ट्रॅप कपॅसिटर (त्यांना चालू करायला लागणारा चार्ज साठवणारे) भरावेत म्हणून खालचे मॉसफेट क्षणभर चालू करायचे. एवढं सगळं ठीक असेल तरच पहिला पल्स सोडायचा. हे पन्नास मिलिसेकंदांच्या आत उरकायला हवं. शंभराच्या पुढे गेलं की हत्यार ‘जड’ वाटायला लागतं, आणि वापरणाऱ्याला का ते सांगता येत नाही.

अशा हत्यारांच्या फर्मवेअरच्या, म्हणजे आतल्या चिपवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, क्षेत्रात नव्याने येणाऱ्याला वाटतं की मुख्य काम मोटर फिरवण्याचं आहे. ब्रशलेस मोटर फिरवणारा कोड दोन-तीन दिवसांत लिहून होतो, उदाहरणं सगळीकडे मिळतात. उरलेले महिने जातात ते थांबण्यावर. कधी थांबायचं, किती लवकर, थांबल्यावर पुन्हा कधी चालू व्हायचं, आणि कधी अजिबात चालू व्हायचं नाही. माझ्या मते कॉर्डलेस हत्याराचं फर्मवेअर किती चांगलं आहे हे ते कसं थांबतं यावरूनच ओळखावं.

एक प्रसंग जवळून बघू. लाकडात मोठं भोक पाडताना बिट गाठीत अडकतं. मोटर जागीच थबकते आणि करंट उसळतो. १८ व्होल्टच्या पॅकमध्ये पाच सेल एकापुढे एक जोडलेले असतात. चांगल्या सेलचा अंतर्गत रोध १५ ते २० मिलिओहम. त्यात निकेलच्या पट्ट्या आणि टर्मिनलचे संपर्क धरले की सगळा मिळून १०० ते १२० मिलिओहम होतो. ८० अँपिअरला ८ ते ९.६ व्होल्ट आतल्या आतच खर्ची पडतात. पॅक जुना किंवा थंड असेल तर रोध सहज दुप्पट होतो आणि बोर्डाला पुरेसं व्होल्टेजच उरत नाही. मायक्रोकंट्रोलर रिसेट होतो. रिसेट होताच मॉसफेट बंद, करंट शून्य, व्होल्टेज परत वर. मायक्रोकंट्रोलर जागा होतो, बघतो तर ट्रिगर दाबलेलाच. मोटर चालू, पुन्हा अडकली, पुन्हा रिसेट. सेकंदाला दहा-बारा वेळा हत्यार हातात हिसके देत राहतं. माणूस घाबरून पकड आणखी घट्ट करतो, म्हणजे ट्रिगरही घट्ट दाबला जातो.

यावरचा नियम साधा आहे: रिसेटनंतर ट्रिगर दाबलेला दिसला तर तो एकदा सुटेपर्यंत मोटर नाही. पॅक बसवताना ट्रिगर दाबलेला असेल तरी हेच. पण हा नियम पाळता येण्याजोगा बोर्ड मुळात असावा लागतो. काही बोर्डांत ट्रिगर दाबल्यावरच मायक्रोकंट्रोलरला वीज मिळते. तिथे प्रत्येक सुरुवात ही ट्रिगर दाबलेल्या अवस्थेतलीच सुरुवात असते आणि खरी कोणती, खोटी कोणती हे ओळखणं अवघड होऊन बसतं. मग रिसेटचं कारण सांगणारं रजिस्टर वाचा, रॅममध्ये खुणेचा शब्द ठेवा, असले उपाय करावे लागतात. ते बहुतेक वेळा चालतात, आणि ‘बहुतेक वेळा’ हे उत्तर इथे पुरेसं नाही. म्हणून पॅक लागला की मायक्रोकंट्रोलर एकदा जागा व्हावा, ट्रिगर मोकळा असल्याची नोंद घ्यावी आणि मग झोपावं, ही रचना मला जास्त पटते. तिच्यात झोपेतून उठणं आणि रिसेट होणं या दोन वेगळ्या वाटा राहतात आणि गल्लत व्हायला जागाच उरत नाही.

शिवाय रिसेट मुळात होऊ नये याचीही सोय हवी. मायक्रोकंट्रोलरच्या पुरवठ्याआधी एक डायोड आणि ४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला, तो १७ व्होल्टला भरलेला आहे आणि रेग्युलेटरला किमान ६ लागतात असं धरलं, तर १५ मिलिअँपिअरच्या खर्चाला तो ३४ मिलिसेकंद तग धरतो. तेवढ्यात फर्मवेअरने पॅकची घसरण ओळखून ड्युटी, म्हणजे प्रत्येक आवर्तनात मोटरला वीज मिळण्याचा हिस्सा, खाली आणलेली असली पाहिजे. पॅक ११ व्होल्टच्या खाली गेला की प्रत्येक पीडब्ल्यूएम (वीज झपाझप चालू-बंद करण्याची पद्धत) आवर्तनाला ड्युटी थोडी कापायची, वर आला की हळूहळू सोडायची. कापणं झटपट आणि सोडणं सावकाश, नाहीतर मोटर गुरगुरायला लागते.

आता वेळेचा हिशोब. ड्रिलची मोटर मिनिटाला २४,००० फेऱ्यांनी फिरते असं धरा, म्हणजे सेकंदाला ४००. चुंबकाच्या दोन जोड्या असतील तर विद्युत आवर्तनं ८००, आणि प्रत्येकात सहा पायऱ्या. सेकंदाला ४,८०० वेळा फेज (मोटरच्या तीन वाइंडिंगांपैकी वीज मिळणारी) बदलायची, म्हणजे दर २०८ मायक्रोसेकंदांनी. पीडब्ल्यूएम १६ किलोहर्ट्झवर असेल तर त्याचं एक आवर्तन ६२.५ मायक्रोसेकंदांचं. एका पायरीत जेमतेम तीन आवर्तनं बसतात. हॉलची कडा आल्यापासून फेज बदलेपर्यंत २० मायक्रोसेकंद उशीर झाला, तर ६० अंशांच्या पायरीतले जवळजवळ ६ अंश हातचे गेले. हळू फिरताना हा उशीर कुठे जाणवतही नाही. पूर्ण वेगाला मात्र मोटर तापते, करंट वाढतो आणि वेग काही केल्या पुढे सरकत नाही. लोक मग मोटरमध्ये दोष शोधत बसतात.

या कामाला बहुधा ४८ मेगाहर्ट्झचा कॉर्टेक्स-एम० जातीचा मायक्रोकंट्रोलर असतो. ६२.५ मायक्रोसेकंदांत त्याच्या घड्याळाचे ३,००० ठोके पडतात. त्याला भागाकाराची सूचनाच नाही, भागाकार लायब्ररीतून होतो आणि वेळ खातो. म्हणून जलद इंटरप्टमध्ये (चालू काम थांबवून लगेच धावणाऱ्या कोडमध्ये) करंट, हॉल आणि ड्युटी एवढंच ठेवावं. वेग काढणं, तापमान, बॅटरी, दिवे हे सगळं एक मिलिसेकंदाच्या संथ फेरीत.

वेगाच्या बाबतीत एक फसवी चूक वारंवार होते. वेग काढतात तो दोन हॉल कडांमधल्या वेळेवरून. मोटर अडकली की पुढची कडा येतच नाही. कडा नाही म्हणजे इंटरप्ट नाही, इंटरप्ट नाही म्हणून वेगाचा आकडा जुनाच राहतो. चक ठप्प उभं आहे आणि फर्मवेअरच्या मते मोटर १८,००० ने फिरतेय. अडकल्याची खूण ही कुठल्या घटनेत नसते, घटना न घडण्यात असते. म्हणून संथ फेरीत दर मिलिसेकंदाला ‘शेवटची कडा येऊन किती वेळ झाला’ हे विचारलंच पाहिजे.

हॉल सेन्सरच्या आठ अवस्थांपैकी सहा खऱ्या. तिन्ही शून्य किंवा तिन्ही एक हे कधीच दिसता कामा नये. दिसलं तर तार तुटली आहे किंवा कनेक्टर सुटला आहे. पण शेजारच्या फेजच्या तारांमधून येणाऱ्या गोंगाटानेही एखादं वाचन असं येतं. त्यामुळे एका वाचनावर निकाल देऊ नये. दोनदा वाचावं, नवी अवस्था जुन्या अवस्थेच्या शेजारचीच आहे ना ते बघावं, आणि चुका ठराविक मर्यादेपलीकडे गेल्या तर थांबावं.

करंट मोजण्याबद्दल मात्र मला सविस्तर लिहायचं आहे, कारण बोर्ड जळण्याची बरीच कारणं इथेच सापडतात. सहसा खालच्या तिन्ही मॉसफेटांच्या सामाईक वाटेत अर्ध्या मिलिओहमचा एक शंट (करंट मोजण्यासाठीचा अगदी लहान रोध) असतो. अ‍ॅम्प्लिफायर २० पट वाढवतो, म्हणजे एका अँपिअरला १० मिलिव्होल्ट. १२ बिटांच्या एडीसीला (व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या भागाला) ३.३ व्होल्टचा संदर्भ असेल तर एका अँपिअरला साधारण १२ अंक. पुरेसं आहे. पण या शंटमधून जातो तो बॅटरीचा करंट, आणि तोही फक्त पीडब्ल्यूएम चालू असतानाच. बंद काळात मोटरचा करंट मॉसफेटांच्या आतल्या आत फिरत राहतो, शंटला त्याचा पत्ता नसतो.

याचा अर्थ आकड्यांत बघा. ट्रिगर थोडासाच दाबलाय, ड्युटी ८ टक्के, आणि चक अडकलंय. १८ व्होल्टच्या ८ टक्के म्हणजे १.४४ व्होल्ट. वाइंडिंग आणि मॉसफेट मिळून २५ मिलिओहम धरले तर मोटरमध्ये जवळपास ६० अँपिअर फिरत असतात. बॅटरीतून मात्र सरासरी पाचसुद्धा जात नाहीत. शंटवर फिल्टर लावून सरासरी मोजणारं फर्मवेअर म्हणतं, सगळं आलबेल आहे. फिरत्या मोटरीत उष्णता सहा मॉसफेटांत वाटली जाते. अडकलेल्या मोटरीत तेच दोन मॉसफेट भार वाहत राहतात. त्यांच्यावर हात ठेवण्याआधीच त्यातला एक गेलेला असतो. आणि वापरणारा सांगतो, ‘मी तर अगदी हळू चालवत होतो.’ तो खरंच सांगत असतो.

म्हणून मापन चालू काळाच्या मधोमध घ्यायचं, टायमरनेच एडीसीला इशारा देऊन. १६ किलोहर्ट्झला ८ टक्के ड्युटी म्हणजे ५ मायक्रोसेकंद, त्यात हे जमतं. ३ टक्क्यांना चालू काळ दोन मायक्रोसेकंदांच्याही खाली येतो आणि अ‍ॅम्प्लिफायर स्थिरावायच्या आत पल्स संपतो. अशा वेळी एक तर किमान ड्युटी ठरवून टाकावी, नाहीतर व्होल्टेज, ड्युटी आणि रोध यांवरून करंटचा अंदाज बांधून त्यावर वेळेची मर्यादा घालावी. न मोजता येणाऱ्या प्रदेशात बेमुदत राहू द्यायचं नाही.

शंटच्या जोडणीचंही असंच. बोर्डावरच्या ३५ मायक्रॉन जाडीच्या तांब्याचा जेवढा लांब तेवढाच रुंद तुकडा घेतला तर त्याचा रोध जवळजवळ अर्धा मिलिओहम भरतो, म्हणजे शंटइतकाच. मापनाच्या तारा शंटच्या पॅडवरून थेट न घेता जरा पुढून घेतल्या, तर आकडा दुप्पट होऊ शकतो. शिवाय तांब्याचा रोध अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो, त्यामुळे बोर्ड तापला की करंट ‘वाढलेला’ दिसतो. फर्मवेअरमध्ये गुणक घालून हे सावरायला जाऊ नये. बोर्ड दुरुस्त करावा.

आणि शेवटचा आधार हार्डवेअरचा. अ‍ॅम्प्लिफायरचं आउटपुट एका कंपॅरेटरला (दोन व्होल्टेजची तुलना करणाऱ्या घटकाला) द्यायचं, कंपॅरेटर थेट टायमरच्या ब्रेक इनपुटला. समजा १५० अँपिअर ओलांडले की सहाही मॉसफेट बंद, मध्ये एकही ओळ कोड नाही. कोडला ते नंतर कळतं. स्विचिंगच्या क्षणी जी थरथर येते तिच्याने खोटा इशारा होऊ नये म्हणून काही शे नॅनोसेकंदांची डोळेझाक करावी लागते, तेवढीच.

बॅटरीकडे वळू. ब्लॅक अँड डेकरने १९६१ साली पहिलं कॉर्डलेस ड्रिल आणलं तेव्हा आत निकेल-कॅडमियमचे सेल होते, आणि त्यांना सॉफ्टवेअरच्या राखणीची गरज नव्हती. दम संपला की हत्यार मंदावायचं आणि माणूस पॅक चार्जिंगला लावायचा. लिथियम-आयन सेल मंदावून सांगत नाही. तो पार खाली जाईपर्यंत जोर देतो, आणि खाली गेला की कायमचा बिघडतो. अडीच व्होल्टच्या बऱ्याच खाली नेलेल्या सेलमध्ये ऋण बाजूचं तांबं विरघळू लागतं. पुढच्या चार्जिंगला ते नको तिथे साचतं आणि आत शॉर्ट होण्याची वाट तयार होते. शून्य अंशांखाली चार्ज केलं तर लिथियम धातूच्या रूपात थर धरतं, त्याचाही शेवट तोच.

पूर्ण पॅकचं व्होल्टेज बघून हे टाळता येत नाही. १५ व्होल्टचा पॅक म्हणजे पाच सेल तीन-तीन व्होल्टचे असं वाटतं. पण चार सेल ३.३ चे आणि एक १.८ चा असला तरी बेरीज १५ च. दुबळा सेल बाकीच्या चौघांच्या आड लपतो. म्हणून प्रत्येक सेल वेगळा मोजलाच पाहिजे. मर्यादा दोन ठेवाव्यात: २.५ च्या खाली अर्धा सेकंद राहिला तर बंद, २.० च्या खाली गेला तर तत्काळ. पहिल्या मर्यादेला अर्धा सेकंद का, तर मोटर सुरू होतानाच्या धक्क्याने निरोगी सेलही क्षणभर वाकतो.

बंद केल्यानंतरचं वागणं लोक विसरतात. भार गेला की सेल उसळी मारून ३.२ वर येतो. माणूस पुन्हा ट्रिगर दाबतो, हत्यार एक सेकंद चालतं, बंद पडतं. हातातला स्क्रू अर्धा राहिलेला असतो, त्यामुळे तो पुनःपुन्हा दाबतो, आणि प्रत्येक वेळी सेल आणखी खोलात जातो. एकदा कटऑफ लागला की तो धरून ठेवायचा. पॅक काढून पुन्हा लावल्याने तो पुसला जाणार असेल, तर नोंद पॅकच्या बोर्डावर हवी.

थर्मिस्टरची एक खोड सांगून पुढे जातो. २५ अंशांना १० किलोओहम असणारा हा घटक थंडीत रोध वाढवतो. त्याचा टर्मिनल कंपनाने सुटला की रोध अनंत, म्हणजे फर्मवेअरला कडाक्याची थंडी वाटते. शक्यतेपलीकडचं तापमान दिसलं तर ते तापमान नसून तुटलेला संपर्क आहे असं धरावं, आणि हॅमर मोडमध्ये संपर्क क्षणोक्षणी थरथरतो हे लक्षात ठेवून निकाल दोनशे मिलिसेकंदांनी द्यावा.

ठरलेल्या टॉर्कला (पिळण्याच्या जोराला) मोटर थांबवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक क्लचकडे अनेकजण एक सोपी तुलना म्हणून बघतात: करंट इतका झाला की थांब. टॉर्क मोटरच्या करंटच्या प्रमाणात असतो हे खरं. पण स्क्रूवर पोहोचणारा टॉर्क एवढाच नसतो. फिरता रोटर स्वतःच ऊर्जेचं एक भांडार आहे. त्याचं जडत्व ५० ग्रॅम-वर्ग-सेंटिमीटर धरू, मध्यम आकाराच्या मोटरीला हे साजेसं आहे. २०,००० फेऱ्यांना त्यात सुमारे ११ जूल साठलेले असतात. स्क्रू धातूवर टेकला आणि पुढच्या ३० अंशांत सगळं थांबलं, तर त्या ११ जूलांमुळेच सरासरी सुमारे २१ न्यूटन-मीटरचा टॉर्क लागतो. क्लच ४ न्यूटन-मीटरला लावलेला, करंट अगदी वेळेवर कापलेला, आणि तरी स्क्रूचं डोकं मोडलेलं. तेच ५,००० फेऱ्यांना केलं तर ऊर्जा सोळाव्या हिश्श्यावर येते, ०.७ जूल, आणि जादाचा टॉर्क दीडच्याही खाली. त्यामुळे क्लच लावला की वेगावर मर्यादा घालणं भागच आहे. क्लचचा आकडा जेवढा लहान, तेवढा वेग कमी. मऊ लाकडात स्क्रू हळूहळू घट्ट होतो, तिथे हे सगळं क्षम्य असतं. ज्याने चाचणी फक्त लाकडात केली त्याला हा प्रश्न कधी दिसतच नाही.

दुसरी अडचण सुरुवातीच्या करंटची. थांबलेला रोटर पळवायलाच एवढा करंट लागतो की क्लच उगाच सुटतो. म्हणून पहिले शंभर-दीडशे मिलिसेकंद करंटकडे दुर्लक्ष करायची पद्धत आहे. आणि तिथेच खड्डा आहे. स्क्रू आधीच घट्ट बसलाय आणि माणसाने सवयीने ट्रिगर पुन्हा दाबला. दुर्लक्षाच्या त्या काळात मोटर पूर्ण जोर लावते आणि स्क्रू पिळून निघतो. दुर्लक्ष करायचं ते वेग वाढत असेपर्यंतच. करंट चढतोय आणि वेग चढत नाही, तर ती सुरुवात नाही, तो घट्ट स्क्रू आहे. वीस मिलिसेकंदांत एवढं कळतं.

बिट अडकून हत्यारच हातात गरकन फिरतं, त्यासाठी जायरोस्कोप वापरतात. जायरोचा एक गुण असा की ताठ वस्तूवर तो कुठेही बसवला तरी फिरण्याचा दर सारखाच दाखवतो. त्यामुळे बोर्ड हँडलच्या तळाशी असला तरी चालतं, फक्त अक्ष चकच्या अक्षाला समांतर हवा. सेकंदाला ६०० अंशांनी फिरणारं हत्यार ५० मिलिसेकंदांत ३० अंश गेलेलं असतं, आणि मनगटाला त्यापुढे फार वाव नसतो. निर्णय याच्या आतच हवा. नुसत्या दरावर निर्णय घेतला तर हत्यार हातात घेऊन वळणाऱ्या माणसालाही ते थांबवेल. म्हणून दर, त्यापासून काढलेला कोन आणि चढलेला करंट तिन्ही एकत्र बघायचे. शंका असेल तेव्हा थांबावं, असं माझं मत. खोटा थांबा चिडवतो, पण मनगट शाबूत राहतं.

आता बोट उचलण्याबद्दल. ट्रिगर सुटला की खालचे तिन्ही मॉसफेट चालू करायचे. मोटरचे तिन्ही फेज एकमेकांना जोडले जातात, फिरता रोटर स्वतःच्याच करंटने अडवला जातो आणि चक चटकन थांबतं. हा करंट शंभर अँपिअरच्या बराच पुढे जाऊ शकतो, आणि तो मॉसफेटांच्या आपापसात फिरतो, शंटमधून जातच नाही. म्हणजे हत्यार थांबत असताना आपण आंधळे असतो. ब्रेकची ड्युटी म्हणून वेगावरून ठरवावी लागते: जास्त वेगाला थोडा ब्रेक, वेग उतरेल तसा पूर्ण.

पण ब्रेकला पीडब्ल्यूएम लावलं की प्रत्येक बंद काळात मोटर वरच्या डायोडांमधून पॅकमध्ये करंट ढकलते. पॅक नुकताच चार्ज होऊन २१ व्होल्टला असेल तर व्होल्टेज आणखी चढतं. नेमक्या त्याच वेळी पॅक उपटला, आणि असं लोक करतात, तर रोटरची सगळी ऊर्जा बोर्डावरच्या ४७० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरवर येते. ११ जूल त्यात मावायचे तर व्होल्टेज २०० च्या पुढे जावं लागेल. मॉसफेट आहेत ४० व्होल्टचे. म्हणून ब्रेक चालू असताना बसचं (बोर्डाच्या मुख्य पुरवठ्याचं) व्होल्टेज प्रत्येक आवर्तनाला बघायचं, २८ च्या पुढे गेलं की पीडब्ल्यूएम सोडून सरळ पूर्ण शॉर्ट. ग्राइंडरसारख्या हत्यारात ब्रेक फार जोरात लावला तर चकतीची नट जडत्वाने सैल होऊ शकते, तिथे फ्लँजची रचना आणि ब्रेकचा जोर एकत्र बसून ठरवावे लागतात. आणि मोटर फिरत असताना दिशेचा खटका बदलला तर आधी थांबायचं, मगच उलट फिरायचं.

टेबलावर काम करताना एक गोष्ट पहिल्याच दिवशी करून ठेवावी: डीबगरने (कोड थांबवून तपासायच्या साधनाने) मायक्रोकंट्रोलर थांबवला की पीडब्ल्यूएमचा टायमरही थांबेल आणि त्याची आउटपुट बंद अवस्थेत जातील, अशी सेटिंग. नाहीतर ब्रेकपॉइंटवर कोड थांबतो, टायमर मात्र शेवटची ड्युटी देत राहतो. मोटर त्याच दोन फेजवर अडकून बसते आणि तुम्ही पडद्यावर व्हेरिएबल वाचत असताना मॉसफेट धूर सोडतो. तसंही फिरत्या मोटरीवर ब्रेकपॉइंट फारसा कामाचा नाही. रॅममध्ये एक गोल बफर ठेवा, दर मिलिसेकंदाला करंट, वेग, ड्युटी, व्होल्टेज आणि अवस्था लिहीत राहा, काही बिघडलं की लिहिणं थांबवा आणि शेवटचे दोन-तीनशे नमुने निवांत वाचा. करंट लिमिट लावलेला बेंच सप्लाय सुरुवातीला जरूर वापरा. पण तो पॅकसारखा वागत नाही: ब्रेकचा करंट तो परत घेत नाही आणि त्याच्या लांब तारांचं इंडक्टन्स भलतेच झटके देतं. खरी चाचणी खऱ्या पॅकवर, आणि त्यातही एक पॅक मुद्दाम जुना, थंड केलेला ठेवावा.

दोषांची नोंद फ्लॅशमध्ये ठेवायचा मोह होतो. ठेवावी, पण मोटर थांबल्यावरच. फ्लॅशचं एक पान पुसायला वीस ते चाळीस मिलिसेकंद लागतात आणि साध्या मायक्रोकंट्रोलरमध्ये तेवढा वेळ कोड जागच्या जागी गोठतो. पूर्ण वेगाला एवढ्या वेळात शे-दोनशे पायऱ्या हुकतात.

सुरक्षेच्या कामांसाठी आयईसी ६२८४१ हे मानक आहे. ट्रिगर सोडल्यावर थांबणं किंवा आपोआप पुन्हा सुरू न होणं यांसारखी कामं सॉफ्टवेअरवर सोपवली असतील तर त्या सॉफ्टवेअरने स्वतःची तपासणी करत राहावी लागते: रॅम, फ्लॅशचं चेकसम, प्रोसेसरची रजिस्टरं, घड्याळाचा वेग. वॉचडॉग (ठराविक वेळात थोपटलं नाही तर मायक्रोकंट्रोलर रिसेट करणारा टायमर) वेगळ्या घड्याळावर चालणारा हवा, आणि त्याला थोपटायची ओळ टायमर इंटरप्टमध्ये कधीही नसावी. मुख्य फेरी लटकली तरी इंटरप्ट निष्ठेने चालू राहतो, आणि वॉचडॉगला वाटतं सगळं सुरळीत आहे.

हत्यार वापरात असतं ते दिवसातून काही मिनिटं. उरलेला काळ ते पेटीत पडून असतं, आणि तेव्हाही फर्मवेअरचं काम संपलेलं नसतं. पॅकचं व्होल्टेज मोजायला १०० किलोओहमचा व्होल्टेज डिव्हायडर कायमचा जोडला, तर १८ व्होल्टला १८० मायक्रोअँपिअर अखंड गळत राहतात. वर्षाला जवळजवळ १.६ अँपिअर-तास. दोन अँपिअर-तासाचा पॅक न वापरताच संपला. डिव्हायडरच्या वरच्या टोकाला एक छोटा मॉसफेट लावून तो मोजण्यापुरता, एक-दोन मिलिसेकंद, जोडावा. सगळा बोर्ड झोपेत १० मायक्रोअँपिअरच्या आसपास आणला तर वर्षाचा खर्च ९० मिलिअँपिअर-तासांच्या आत राहतो. हा आकडा गरम जागी, ४५ अंशांना, पुन्हा मोजावा, कारण गळती तापमानाबरोबर वाढते. आणि मोजण्याआधी डीबगर काढून ठेवावा, तो जोडलेला असेल तर झोप खरी नसते.

पेटीत आणखी एक गोष्ट होते. दुसरं काहीतरी ट्रिगरवर टेकून बसतं आणि तो आठवडेच्या आठवडे दाबलेला राहतो. १० किलोओहमच्या पुल-अपमधून (पिनला पुरवठ्याकडे ओढून धरणाऱ्या रोधातून) तेवढा काळ ३३० मायक्रोअँपिअर वाहतात. म्हणून ट्रिगर दाबलेला आहे, पण मोटरला परवानगी नाही, ही अवस्था अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त टिकली तर पुल-अप बंद करून झोपावं. सेकंदातून एकदा उठावं, काही मायक्रोसेकंद पुल-अप चालू करून पिन बघावी, पुन्हा झोपावं. तो ट्रिगर खरोखर सुटलेला दिसेपर्यंत हेच करत राहायचं, आणि सुटलेला दिसल्यावरच पुढच्या दाबण्याला बोटाचं दाबणं मानायचं.